उजव्या हाताचं आजारपण

मानेच्या मणक्यात गाठ आहे असं ज्यांना नुकतंच कळलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. चांगली बातमी आधी सांगून टाकतो, कारण आजारी माणसाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवणं मला पटत नाही. मी वाचलो. चालतो, जिने चढतो, उजव्या हातात पेन धरून हे लिहितोय. अक्षर पूर्वीसारखं राहिलं नाही, पण पूर्वीही कुणी त्याचं कौतुक करत नव्हतं.

गाठीबद्दल जे सांगायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. डॉक्टर एक प्रश्न विचारतात आणि आपण त्याचं खोटं उत्तर देतो, मला त्याबद्दल बोलायचंय. प्रश्न साधा असतो. "केव्हापासून?"

क्लब

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत राहायला आलो तेव्हा इथल्या सेक्टरांना नंबर होते, पण रस्त्यांना दिवे नव्हते. पाणी टँकरने यायचं. डोक्यावरून विमानं इतकी खाली जायची की बोलणं मध्येच थांबवावं लागायचं. सोसायटीसमोर एक भलामोठा रिकामा प्लॉट होता, नुसती धूळ आणि कीकरची झुडपं. बाकीच्यांना तिथे उद्याचं मार्केट दिसायचं. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तिथे पोल व्हॉल्टचा, म्हणजे लांब काठीवरच्या उंच उडीचा, रनवे दिसला.

दादा फौजेतून निवृत्त झालेला. तरुणपणी त्याने बांबूवर उड्या मारल्या होत्या आणि दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेतली होती. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात फायली सरकवणारा माणूस. आम्ही मूळचे नगरचे ख्रिस्ती, पण दिल्लीत वाढलेले. आम्ही दोघांनी त्या प्लॉटवर मुलांसाठी क्लब काढला. सकाळी सहा ते आठ क्लब, मग मी ऑफिस गाठायचो. कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेला फोमचा चुरा माझी बायको रूथ जाळ्यांमध्ये भरून शिवायची आणि त्याची गादी व्हायची. वीसेक मुलं यायची. दादा 'बडे सर', मी नुसता 'सर'. आमची एकुलती एक मुलगी करुणा त्या वेळी सोळा वर्षांची होती, आणि क्लबात सगळ्यांत उंच तीच जायची. मुलींसाठी हा खेळ तेव्हा अगदी नवा होता. सकाळी फिरायला येणारे काका लोक काठाशी उभे राहून विचारायचे, "लड़की भी कूदेगी?" दादा म्हणायचा, "आप रुकिए, देखकर जाइए."

माझं काम होतं हात देणं. मुलगा धावत येतो, पोलचं टोक जमिनीतल्या लोखंडी बॉक्समध्ये रोवतो आणि पाय उचलतो. त्याच क्षणी बाजूला उभ्या असलेल्या माणसाने त्याच्या कमरेच्या वर, पाठीला, तळहाताने रेटा द्यायचा. तेवढ्या रेट्याने पोल सरळ उभा होतो आणि मूल गादीवर जाऊन पडतं. रेटा उशिरा बसला तर पोल अर्ध्यावर थांबतो आणि मूल उलटं मागे येतं, खाली, बॉक्सवर. कित्येक कोच याला नावं ठेवतात. मुलं हाताच्या भरवशावर राहतात म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण दादाचा नियम होता, नव्या पोलवर पहिली उडी हातावरच. दादाच्या गुडघ्यांना ते वाकून उभं राहणं जमायचं नाही, त्यामुळे क्लबात हात एकच होता, माझा उजवा.

होळीनंतर

त्या वर्षी होळीच्या सुमारास माझी उजवी बोटं बधिर व्हायला लागली. आधी करंगळी, मग पूर्ण तळवा. हातावर झोपलो असेन, असं मी महिनाभर स्वतःला सांगितलं. माणूस एवढं हातावर झोपत नाही. शर्टाची बटणं लागेनात तेव्हा रूथ ती लावायला लागली. मी मान वर करून भिंतीकडे बघायचो आणि तीही भलतंच काहीतरी बोलायची, दूधवाला आज उशिरा आला वगैरे.

दादाला सांगितलं असतं तर त्याने मला त्याच दिवशी बाजूला केलं असतं, आणि क्लब बंद पडला असता. निदान मला तसं वाटायचं. खरं सांगायचं तर माझी ऐट होती. ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं. इथे वीस मुलं डोळे मिटून माझ्या हातावर पाठ टाकायची.

लहान मुलांना मी निभावून नेत होतो. पण हात देण्याची वेळ हातालाच कळते. पाठ तळव्याला लागते आणि तळवा आपोआप रेटतो. माझ्या तळव्याला ती लागलेली कळतच नव्हती. मी डोळ्यांनी बघून रेटत होतो, आणि डोळे उशिरा सांगतात. हे मला माहीत होतं. ही ओळ लिहायला मला तीन दिवस लागले, म्हणून पुन्हा लिहितो. हे मला माहीत होतं.

ती उडी

बाहेरचा माल यायला लागला तसा आम्हीही फायबरचा एक लांब पोल मागवला. विमानतळाच्या गोदामातून तो मॅटाडोरच्या टपावर बांधून आणला, मागे लाल फडकं लावून. एप्रिल संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून चहाचा कप सुटला. रूथने तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "आज नका जाऊ." मी गेलो.

करुणा रनवेच्या टोकाला उभी राहिली. आमच्याकडे पावलं उलटी मोजतात, डाव्या पायाची, मोठ्याने. सहा, पाच, चार. तिचा आवाज जवळ येत गेला. तीन, दोन, एक. मी हात दिला. तो तिच्या पाठीला लागला असणार, कारण ती थोडी तिरकी झाली. पोल उभा होता होता थांबला. एक क्षण ती वर तशीच होती, माझ्याकडे बघत. मग ती पोलसकट मागे आली.

टाच आणि घोटा, दोन्हींचा चुरा झाला होता.

दादा वरच्या दांडीकडे बघत होता. इतर मुलं लांब होती. धावाधाव झाली आणि जमिनीवरच्या खुणा पुसल्या गेल्या. दादा म्हणाला, पाऊल आत पडलं असणार. म्हणजे तिचा उडीचा पाय बॉक्सच्या फार जवळ पडला, तसं झालं की पोल उभा होत नाही. बहुतेक वेळा कारण तेच असतं. संध्याकाळी प्लास्टरमध्ये पाय घालून पडलेली करुणा मला म्हणाली, "सॉरी पप्पा. माझंच पाऊल चुकलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डावा. आणि म्हणालो, "असू दे."

निदानाचा दिवस

सप्टेंबरात उजवा पायही ओढला जायला लागला. जिन्यात पडलो तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. एम.आर.आय.चं मशीन तेव्हा नवलाई होती. त्या बोगद्यात पडून ठोके ऐकताना मी एवढंच म्हणत होतो, प्रभू, काहीतरी मोठं निघू दे. असली प्रार्थना कुणी करतं का? पण साधंसं काही निघालं असतं तर मी कोणत्या तोंडाने घरी गेलो असतो?

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "गाँठ है. कैंसर नहीं लगती. लेकिन नस को दबा रही है." माझी पाचावर धारण बसली. रूथ खुर्चीच्या कडेला बसली होती. करुणा शेजारी उभी होती, फॉर्म भरायला, कारण मला लिहिता येत नव्हतं.

"कब से है?"

"दो महीने," मी म्हणालो.

रूथने माझ्याकडे पाहिलं. करुणाने खाली मान घालून लिहिलं, दोन महिने. तिचं अक्षर सुरेख आहे, माझ्यावर गेलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी तिचं प्लास्टर निघालं होतं. ती लंगडत होती. मी माझा आजार बरोबर तिच्या पडण्याच्या अलीकडे आणून ठेवला होता.

दोन महिनेच आहेत तर घाई नाही, डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर बघू. आम्ही बाहेर आलो. गेटपाशी रूथ म्हणाली, "माझी छत्री आत राहिली." तिच्याकडे छत्री नव्हतीच. ती आत जाऊन डॉक्टरांना सांगून आली की मार्चपासून आहे. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं, लगेच भरती व्हा. आणखी दोन महिने गेले असते तर हात परत आला नसता, असं डॉक्टर मला नंतर म्हणाले. हे तुमच्यासाठी लिहितोय. लाज वाटो, भीती वाटो, तारीख खरी सांगा. प्रत्येकाला रूथ मिळत नाही.

वॉर्ड

सकाळी सहाला सिस्टर थर्मामीटर घेऊन यायची. सहा म्हणजे आमची मैदानाची वेळ. त्याच वेळी माझ्या मेलेल्या तळव्याला पाठ लागायची.

याला वेड म्हणा. ज्या हाताला सुई टोचलेली कळत नव्हती, त्याला टी-शर्टचं ओलसर कापड कळायचं, आतला मणका कळायचा, कापडाखालची ऊब कळायची. मी रेटायचो. हात चादरीवर तसाच पडून असायचा. डॉक्टर म्हणाले, ऐसा होता है, नस के खेल हैं. असतील. पण मग नेमकी एकच पाठ का?

कॉरिडॉरमधून कुणी चालत आलं की मी पावलं उलटी मोजायला लागायचो. सहा, पाच, चार. एकपाशी आलो की डोळे घट्ट मिटायचो. शेजारच्या कॉटवर करोलबागेतले एक म्हातारे चावलाजी होते. त्यांनी विचारलं, "रॉकेट छोड़ रहे हो क्या, भाईसाहब?" मी हसलो. वॉर्डात हसणं हे मोठं औषध आहे, मिळेल तेव्हा घ्यावं. चावलाजी मला त्यांच्या घरच्या पराठ्याचा मऊ भाग द्यायचे आणि कडा स्वतः खायचे.

पण संध्याकाळी चारला भेटीची घंटा वाजली की मोजणी अडायची. करुणाची पावलं मोजता येत नसत. एक पूर्ण, एक अर्धं. एक पूर्ण, एक अर्धं. तो आवाज लिफ्टपासून माझ्या कॉटपर्यंत यायचा, आणि त्याच्यापासून पळायला मला पाय नव्हते.

माझी फाइल कॉटच्या पायथ्याशी लटकवलेली असायची. तिच्यात रूथने सांगितलेलं इंग्रजीत लिहिलेलं होतं, मार्चपासून. करुणा कधीही उचलून वाचू शकली असती. चार वाजायच्या आत मी सिस्टरकडून फाइलवर टॉवेल टाकून घ्यायचो. "अंकल, गीला टॉवेल इधर नहीं," ती म्हणायची. मी हट्टी म्हातारा ठरलो. तेव्हा मी सेहेचाळीसचा होतो.

एकदा रूथ माझं अंग पुसत असताना मी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"मी का सांगू?" ती म्हणाली. "मी त्या दिवशी 'नका जाऊ' म्हटलं. एकदाच म्हटलं. दारात आडवी का नाही झाले, हे मी कुणाला विचारू?" ती पुसत राहिली, जरा जोरात. आमच्या संसारात एवढी कठीण दुपार दुसरी नाही.

आदला दिवस

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही घ्यायला आले. हात-पाय जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. सही जमेना, म्हणून अंगठा दिला. केंद्र सरकारचा राजपत्रित अधिकारी, आणि अंगठा.

करुणा एकटी आली होती. आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, काकांनी नव्या बॅचला सांगितलं माझं. दर बॅचला सांगतात. 'करुणा दीदी का पाँव एक बित्ता अंदर पड़ा. बस, एक बित्ता.' असं बोटं ताणून दाखवतात. मुलं माझ्या पायाकडे बघतात." ती हसून सांगत होती. "चलो, कुणाचा तरी फायदा."

मी तोंड उघडलं. पण उद्या मरणार असलेल्या बापाने आज कबुली दिली, तर सोळा वर्षांच्या पोरीने काय करावं? रागवायचीही सोय नाही. तिला माफच करावं लागलं असतं. हे मी तेव्हा तिच्या भल्यासाठी म्हणून स्वतःला पटवलं. आज वाटतं, मी घाबरलो होतो, बाकी काही नाही. मी म्हणालो, "नीट जा घरी. ऑटोवाल्याला मीटरने यायला सांग."

टॉवेल

गाठ निघाली. साधीच निघाली. मानेला पट्टा घालून तीन आठवड्यांनी घरी आलो. द्वारकेत तोवर आमच्या रस्त्याला दिवे लागले होते आणि सोसायटीच्या बायकांनी आळीपाळीने डबे पाठवले. अशा वेळी कुणाकडून काही घ्यायला संकोच करू नका. राजमा आठवडाभर खावा लागला तरी खा.

मग व्यायाम. घडी केलेला टॉवेल कुणीतरी समोर धरायचा आणि मी उजव्या तळव्याने तो ढकलायचा, दिवसातून शंभर वेळा. रूथला घरचं काम होतं, म्हणून टॉवेल करुणा धरायची. नाताळपर्यंत बोटांत मुंग्या आल्या. जानेवारीत एका दुपारी बाल्कनीतल्या उन्हात बसलो असताना तळव्याला टॉवेल लागला. खरोखरचा, खरखरीत, उन्हाने तापलेला. मी ओरडलो. करुणा टाळ्या वाजवायला लागली आणि आतून रूथ लाटणं घेऊनच बाहेर आली.

तिच्या टाळ्या मला सोसवल्या नाहीत. मी म्हणालो, "करुणा, त्या दिवशी हे लागलं नव्हतं."

"कुठल्या दिवशी?"

मी सगळं सांगितलं. होळी, बटणं, कप, डोळ्यांनी बघून रेटणं, दोन महिने. रूथ दारात उभी होती. मी रडत होतो, आणि करुणा माझं रडणं बघतच नव्हती. ती समोरच्या प्लॉटकडे बघत होती.

"म्हणजे माझं पाऊल बरोबर होतं?" तिने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"तू एक म्हणालीस तेव्हा पाय जागेवर होता. मी पाहिलं होतं."

"मी नऊ महिने ते पाऊल शोधतेय, पप्पा," ती म्हणाली. "रोज. अंथरुणात. कुठे चुकलं, सहाला की तीनला. शाळेत जाताना फरशीवर मोजते." टॉवेल तिच्या हातात तसाच होता. "तुम्ही बघत होता मला मोजताना."

ती आत गेली आणि सोळा दिवस माझ्याशी बोलली नाही. टॉवेल मात्र धरत राहिली, शंभर वेळा, तोंड फिरवून. सतराव्या दिवशी एवढंच म्हणाली, "रविवारी क्लबमध्ये सांगा. सगळ्यांना. मी असेन."

रविवार

दादाला मी आदल्या दिवशी सांगितलं. तो बराच वेळ गुडघे चोळत बसला. "मी पोरीला इतके महिने मुलांपुढे उभं केलं," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "काही पालक मुलं काढून नेतील."

"नेऊ देत."

रविवारी गादीसमोर मुलं मांडी घालून बसली, मागे पाच-सहा आई-बाप स्वेटर-शाली घेऊन. मानेच्या पट्ट्यामुळे मला खाली बघता येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाचं तोंड बघत बोलावं लागलं. मी म्हणालो, बच्चों, करुणा दीदी का पाँव अंदर नहीं पड़ा था. वह बिल्कुल ठीक कूदी थी. गलती मेरे हाथ की थी. एवढं म्हणून मी थांबलो. जिवात जीव आला होता, संपलं होतं. दादा घसा खाकरून पुढे व्हायला लागला.

पहिल्या रांगेत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, त्याच महिन्यात क्लबात आलेली. तिने माझ्याकडे नाही, करुणाकडे वळून विचारलं, "दीदी, सर के हाथ को क्या हुआ था?"

"सर का हाथ बीमार था," करुणा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. सुटलो, असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "और सर को पता था."

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मागे एका बाईने आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाँ," मी म्हणालो. "पता था."